शकुंतलेचं भाडं

नवागामला आमच्या घरामागून सुरत-जळगाव लाईन जाते. लग्न होऊन आले तेव्हा रात्री गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची आणि माझी झोप उडायची. पुढे कळलं, ही जुनी तापी व्हॅली रेल्वे आणि माझ्या माहेरची शकुंतला, दोघी एकाच किलिक निक्सन कंपनीच्या. तेव्हापासून तो आवाज ओळखीचा झाला.

माझं माहेर अचलपूरजवळचं पथ्रोट. मूर्तिजापूरहून अचलपूरला अडीच फुटी रुळांवरून शकुंतला जायची. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली ही लाईन. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. ते १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं.

आपल्या समाजाची मंडळी याच गाडीने अचलपूरला उतरून मुक्तागिरीच्या दर्शनाला जात. गाडीचा वेळेवर काही भरवसा नसे. आईचा रात्री न जेवण्याचा नेम, म्हणून डबा आणि गाळलेलं पाणी घेऊनच ती निघायची. दिवस कलायला लागला की फलाटावरच आम्हाला जेवू घालायची.

आता गाडी बंद आहे. मागच्या खेपेला आईला जीपने मुक्तागिरीला नेलं. परतताना ती म्हणाली, "जरा स्टेशनाशी थांबव." रुळांत काटेरी झुडपं वाढलेली. ओट्यावर बसून तिने डबा सोडला. जेवता जेवता दोनदा मूर्तिजापूरच्या बाजूला मान वळवून बघितलं.

"एवढी चांगली गाडी, बंद कशी पडू दिली गं?"

मी सांगितलं, तापीची लाईन सरकारने स्वातंत्र्याआधीच घेतली. ती आज दुहेरी झाली, विजेवर धावते. शकुंतला मात्र कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची रेल्वेने, रूळ कंपनीचे. रेल्वे कंपनीला त्याचं भाडं भरायची, पण रूळ खिळखिळे होत गेले.

आई डबा पुसत म्हणाली, "म्हणजे पैसे द्यायला होते, बघायला कोणी नव्हतं."

ती सहज बोलली. मला मात्र घास गिळवेना. बाबा गेल्यापासून आई पथ्रोटला एकटी आहे. मी म्हणते, भाऊ नेईल. भाऊ म्हणतो, तिला ताईकडे करमेल. महिन्याच्या महिन्याला दोघंही न चुकता पैसे पाठवतो. मैत्रिणींनो, आम्हीही भाडंच भरत होतो.

घरी आल्यावर भावाला फोन केला. "तू नेणार की मी, हे नंतर बघू. तोवर मी नेते," म्हटलं. आई लगेच तयार झाली नाही. शेजारणीला किल्ली कशी द्यायची, तुळशीला पाणी कोण घालणार, सगळं झालं. शेवटी एवढंच विचारलं, "तुझ्या घरामागून गाडी जाते ना?"

"जाते की. दिवसरात्र जाते."

"मग चालेल," म्हणाली.