एक चांदणी

जुलैच्या मध्यावर एका रात्री आत्याचा फोन आला. तिकडे पाऊस एवढा होता की तिचं अर्धं बोलणं पत्र्याच्या आवाजातच गेलं. "बाबू, आपल्याला म्हणे एकच चांदणी पडली. वहिनीच्या पोराने मोबाइलवर बघितलं. काय ते बघ जरा."

स्टारला आत्या चांदणी म्हणते. तिचं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला. आतोबा गेल्यावर तिने माडांच्या वाडीत मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आणि रस्त्याला पाटी लावली, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. पुढे पाटी बघून येणारे कमी झाले, नकाशात बघून येणारे वाढले, तेव्हा "ते ऑनलाइनचं तू बघ" म्हणून तिने सगळं माझ्यावर सोपवलं. मी पुण्यात बँकेत. फोटो टाकणं, फोन नंबर टाकणं, कुणी चांगलं लिहिलं की हात जोडलेलं चित्र पाठवणं, एवढंच काम. आत्याच्या हाताखाली शेजारच्या वाडीतल्या वहिनी. भाकऱ्या, वाढप, खोल्यांची झाडलोट, सगळं त्यांच्याकडे.

फोन ठेवला आणि उघडून बघितलं. चार जणांचा ग्रुप शनिवारी येऊन रविवारी गेला होता. लिहिलं होतं ते साधारण असं: समुद्राला लागून असूनही ताजी सुरमई नाही. सुकी मासळी आणि पालेभाजीवर भागवलं. रात्री लाइट गेली. वाढणारी बाई उद्धट, चेहऱ्यावर हसू नाही. पैसे वाया. खाली एक तारा.

माझं डोकं सणकलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्र खवळलेला, अशी दोन्ही कारणं. एरवी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. जुलैत त्याच किनाऱ्यावर होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. अशा दिवसांत आत्याने या लोकांना काय दिलं होतं, तर तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, टाकळ्याची भाजी, आठळ्या घातलेली आमटी आणि सोलकढी. पुण्यातल्या एखाद्या हॉटेलात हेच 'पारंपरिक थाळी' म्हणून चौपट दराने मिळालं असतं.

बँकेतला माणूस, म्हणून रागातही आधी हिशेब केला. तोवर आम्हाला १७ जणांनी तारे दिले होते. १४ जणांनी पाच, तिघांनी चार. त्या तिघांपैकी एकाने लिहिलं होतं, 'सगळं छान, पण सकाळी समुद्र फार लांब गेला होता.' ओहोटीचा एक तारा कापला, त्यावर आम्ही खूप हसलो होतो. तर सरासरी होती ४.८. या एका ताऱ्याने ती ४.६ वर आली. ती परत ४.८ दिसायला पुढच्या लागोपाठ दहा जणांनी पाच-पाच तारे द्यायला हवे होते. दोन हजार अभिप्राय असलेल्या मोठ्या हॉटेलला असा एक तारा पडला तर त्याचा पत्ताही लागत नाही. दोन खोल्यांच्या घराला मात्र दहा पाहुण्यांचं कर्ज होतं, आणि पावसाळ्यात दहा पाहुणे यायला महिना लागतो.

रात्री साडेबाराला मी उत्तर लिहायला बसलो. शाळेत भूगोल शिकला होतात का, इथपासून सुरुवात केली. पान-दीड पान झालं. सकाळी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होईल.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते सुरमईचं कुठून घेतलंन् त्यांनी?"

"म्हणजे?"

"आपण सुरमई देतो असं त्यांना सांगितलं कुणी?"

मी आमचं पान उघडलं. सगळ्यात वरती, पहिलाच फोटो. केळीच्या पानावर तळलेल्या सुरमईच्या दोन जाडजूड तुकड्या, बाजूला लिंबाची फोड. डिसेंबरात मीच काढलेला, मीच टाकलेला. खाली कुठेही लिहिलेलं नाही की हे पावसाळ्यात मिळणार नाही. घाट उतरून, पावसातून पाच-सहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाने तो फोटो बघूनच खोली घेतली असणार. समोर जवळ्याची चटणी आली तेव्हा त्याला फसल्यासारखं वाटलं असेल, तर त्यात त्याची काय चूक?

त्याची तक्रार निम्मी खरी होती. फक्त तिचा पत्ता चुकला होता. फोटो टाकणारा मी पुण्यात, लाइट घालवणारा वादळवारा, मासेमारी बंद ठेवणारं सरकार, आणि समोर ताट घेऊन उभ्या वहिनी. ज्याचं तोंड समोर दिसतं, तारा त्याच्यावर पडतो.

कुठे दाद मागता येईल म्हणून थोडं शोधलंही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. पैसे देऊन लिहवून घेतलेले, खोट्या नावाने टाकलेले अभिप्राय ही त्यामागची मुख्य काळजी. पण आमच्याकडचा अभिप्राय खोटा नव्हताच. माणूस खरा, मुक्काम खरा, सुरमई नव्हती हे खरं, वहिनी हसल्या नाहीत हेही खरं. शब्द न् शब्द खरा आणि तरीही अन्याय. यावर कोण काय करणार?

राहता राहिलं ते 'उद्धट'. त्यावर मी आत्याला म्हटलं, "वहिनी तशा नाहीत गं. काय झालं होतं त्या दिवशी?"

"शुक्रवारी दापोलीला जाऊन दाढ काढून आली होती. गाल सुजलेला. तरी आली कामाला."

मला एकदम हायसं वाटलं. उत्तर सापडलं. मी घाईघाईने म्हणालो, "मग हेच लिहितो. त्यांची दाढ काढली होती, तोंड उघडत नव्हतं. वाचणाऱ्यालाही वाईट वाटेल."

आत्या गप्प झाली. पावसाचा आवाज तेवढा येत राहिला. मग म्हणाली, "आणि दाढ दुखत नसती तर? तर मग ती उद्धट? तिने भाकऱ्या भाजायच्या का हसत बसायचं? हसायचे वेगळे पैसे देतो काय आपण तिला?"

मी काहीच बोललो नाही.

"दाढेचं काही लिहू नकोस. तिच्या दाढेची बातमी कशाला गावाला? मासे त्या महिन्यात नसतात एवढं लिही. आणि तो फोटो काढ."

तसंच केलं. पहिला फोटो आता भाकरी आणि सोलकढीचा आहे, सुरमई चौथ्या क्रमांकावर गेली, खाली ठळक ओळ: जून-जुलैत ताजी समुद्री मासळी मिळत नाही. अभिप्रायाखाली तीन वाक्यं लिहिली. फोटोबद्दल माफी, मासेमारी बंदीची माहिती, आणि 'वाढणाऱ्या ताईंचा यात काही दोष नाही'. समोरून उत्तर आलं नाही. तारा अजून तिथेच आहे.

आत्याचं 'दाढ दुखत नसती तर?' हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात मी माझंच खातं उघडून, मी आजवर कुणाकुणाला काय दिलंय ते बघितलं. तोवर मी तारे घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे अशी माझी समजूत होती. एका दवाखान्याला दोन तारे, कारण स्वागतकक्षातली मुलगी फोनवर होती. एका पेट्रोल पंपाला एक, 'सुट्टे नाहीत म्हणे'. एका बँकेच्या शाखेलाही एक दिला होता, खिडकीवरच्या माणसाच्या 'तुसड्या वागण्याबद्दल'. लिहिणारा मी स्वतः पंधरा वर्षं अशाच खिडकीच्या आत बसलेला.

आणि जे त्या यादीत दिसत नाहीत ते वेगळेच. मागच्या पावसाळ्यात एका रात्री मिसळ मागवली होती. मॅच चालू होती. दार उघडलं तर पिशवीतून तर्री गळत होती. आणणाऱ्या मुलाने पिशवी बंदाने न धरता खालून दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली होती. मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "सर, पॅकिंग तसंच होतं." मी दार लावलं, अॅपने विचारलं 'डिलिव्हरी कशी होती', मी एक तारा दाबला आणि मॅच बघायला बसलो. हॉटेलला वेगळा तारा द्यायची सोय त्याच पडद्यावर खाली होती. तिथवर बोट नेलं नाही.

ती ओंजळ मला आता वर्षभराने आठवते आहे. आणखी सांडू नये म्हणून त्याने गरम तर्रीची पिशवी खालून धरली होती, आणि आमची लिफ्ट तेव्हा बंद होती. चार मजले. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात अशी सुटी, 'गिग' कामं करणाऱ्या सगळ्यांची देशातली संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली आहे. २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा त्यांचा अंदाज. यांतल्या कितीतरी जणांच्या दिवसाचा निकाल आमच्यासारख्यांच्या अंगठ्यावर लागतो, आणि अंगठ्याला विचार करायला अर्धा सेकंद मिळतो.

त्या मुलाच्या घरी कुणी आजारी असेल का, त्याच्या डोक्यावर कर्ज असेल का, असं मी मनात रचायला लागलो आणि थांबलो. दाढ दुखत नसती तर? त्याचं घरी सगळं उत्तम चाललेलं असेल, कदाचित तो माझ्यापेक्षा सुखी असेल. तरीही तर्री त्याने सांडली नव्हती. चार मजले चढून आलेल्या माणसाला न्याय मिळायला आधी त्याच्या दुःखाचा दाखला कशाला लागावा?

पेट्रोल पंपाचा आणि शाखेचा अभिप्राय मी काढून टाकला. दवाखान्याचा बदलला. डॉक्टर वेळेवर तपासतात हे खरं तर लिहायलाच हवं होतं. मिसळीच्या ताऱ्याचं मात्र आता काहीच करता येत नव्हतं.

गणपतीला गावी गेलो. विसर्जन झाल्यावर आत्याकडे दोन कुटुंबं मुक्कामाला होती. दुपारी पडवीत पंगत बसली. वहिनी वाढायला आल्या आणि मी चमकलो. त्या हसत होत्या. प्रत्येक ताटाशी वाकताना ओठ ताणून, काढलेल्या दाढेची फट दिसेल इतक्या. पाहुण्यांना त्यात वावगं काही वाटलं नसेल. मी त्यांना वीस वर्षं बघतोय, मला बघवेना.

मागच्या दारी त्या भांड्यांपाशी होत्या तेव्हा विचारलं, "वहिनी, हे हसणं कुणी शिकवलं?"

"पोरगा बोलला. नायतर चांदण्या जातात म्हणून." मग राखेचा हात थांबवून हळूच विचारलं, "भाऊ, माझं नाव नाय ना टाकलानी त्यात?"

"नाही. नाव नाही. आणि चूक माझी होती, माझ्या फोटोची. तुम्ही हसू नका उगीच."

"हसू नको?"

"मनात आलं तर हसा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पुण्याची माणसं काहीही बोलतात तशा नजरेने, आणि पुन्हा भांडं घासायला लागल्या.

रात्री घरातलीच माणसं जेवायला होती. होड्या समुद्रात जायला लागून महिना झाला होता. वहिनी तवा घेऊनच आल्या, कपाळाला आठ्या, नेहमीच्या. माझ्या ताटात सुरमईची तुकडी टाकून म्हणाल्या, "काटा बघून खा. गेल्या टायमाला अडकवून घेतलानंत."

चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी काटा बघून खाल्लं.