पाण्याशी सलोखा : व्हेनिसमधील पाच स्थळे

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील दरबार हॉल ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी व्हेनिसचा एक तुकडा नकळत पाहिलेला आहे. १८९० साली पूर्ण झालेल्या त्या राजवाड्यात दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेकची आहे. मराठी घरांतून व्हेनिसची आणखी एक खूण आढळते. तिची हकीकत पुढे योग्य स्थळी येईल.

२०२४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता त्या शहरी गेलो, ते आमच्या भाचीच्या आग्रहाने. ती बडोद्याच्या फाइन आर्ट्सची पदवीधर; गेली काही वर्षे मिलान येथे घरगुती सामानाची डिझायनर म्हणून काम करते. "मामा, सेंट मार्कचा चौक आणि रियाल्टोचा पूल तुम्ही वाटेत पाहालच. मी तुम्हांला माझी पाच ठिकाणे दाखवते," असे तिने पहिल्याच दिवशी बजावले. वस्तू सुंदर आहे असे म्हणण्यापूर्वी ती तशी का केली हे विचारायचे, एवढीच तिची अट होती.

व्हेनिस समुद्रालगतच्या उथळ खाजणात, शंभराहून अधिक लहान बेटांवर वसले आहे. त्यांना जोडणारे पूलच चारशेहून अधिक आहेत. गाळात लाकडी खुंट ठोकून त्यांवर इस्ट्रियाच्या पांढऱ्या दगडाचे थर रचावयाचे आणि मग वर विटांची भिंत उभारावयाची, ही येथील बांधणी. गाळात हवा पोहोचत नाही, म्हणून खुंट शतकानुशतके टिकतात. दगड दाट असल्याने ओल वर चढू देत नाही.

पहिले स्थळ सान त्रोवासोचा गोंडोला-कारखाना. कालव्याच्या पलीकडच्या काठावरून तो सहज दिसतो. डोंगरी मुलुखातील घरासारखे त्याचे लाकडी रूप. कारण येथील सुतार आल्प्सच्या कादोरे खोऱ्यातून येत असत. गोंडोला आठ जातींच्या लाकडांची, सुमारे २८० तुकड्यांची, अकरा मीटर लांबीची असते. परंतु तिच्या दोन बाजू सारख्या नसतात! डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटीमीटर रुंद असते. नावाडी एकटा मागे उभा राहून उजवीकडेच वल्हे मारतो. सारख्या बाजूंची नाव त्या जोराने डावीकडे वळत राहिली असती. वाकडेपणामुळेच ती सरळ जाते, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन येथे करीत नाही.

दुसरे स्थळ बेव्हिलाक्वा यांची मखमलीची मागशाळा. ही पेढी १८७५ ची असली तरी तिचे हातमाग अठराव्या शतकातील आहेत. नक्षीची मखमल विणताना दिवसभरात जेमतेम फूटभर कापड होते. ज्यांनी येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर उतरताना पाहिला असेल, त्यांना विणकराची ती मान आणि ते मौन लगेच ओळखू येईल. मागांचा खडखडाट ऐकत आमची भाची बराच वेळ उभी होती. "यंत्राने हे पुष्कळ स्वस्त होईल. पण हात थांबले, तर हे पुन्हा शिकवणार कोण?" एवढेच ती म्हणाली.

तिसरे स्थळ म्हणजे चौकालगतची जुनी टांकसाळ आणि तिला लागून असलेले मार्चाना ग्रंथालय. दोन्ही इमारती सोळाव्या शतकात सान्सोव्हिनोने आखलेल्या. व्हेनिसने १२८४ पासून सोन्याचे दुकात नाणे पाडले. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला नगरप्रमुख आणि मागे उभा येशू अशा आकृती असत. व्यापारात ते नाणे हिंदुस्थानात आले आणि त्यावरील मानवी आकृतींमुळे आपल्याकडे त्याला 'पुतळी' म्हणू लागले. आजीच्या पेटीतली पुतळ्यांची माळ ती हीच! पुढे सोनारांनी पुतळीवर लक्ष्मी उमटवली. नाव मात्र तेच राहिले.

याच शहरात आल्दुस मानुत्सिओ नावाच्या मुद्रकाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापखाना घातला. १४९६ मध्ये त्याने छापलेल्या एका छोट्या पुस्तकात अर्धविराम आजच्या रूपात प्रथम आला. १५०१ मध्ये त्याने तिरप्या टाइपातली, हातात मावतील अशी पुस्तके काढली. तीस वर्षे मुलांच्या वह्यांतून ज्या अर्धविरामासाठी आम्ही लाल शाई खर्ची घातली, त्याचे जन्मगाव पाहताना आम्हांला एखाद्या तीर्थस्थानी आल्यासारखे वाटले.

उरलेली दोन्ही स्थळे एकाच माणसाची, कार्लो स्कार्पाची. हा १९०६ मध्ये व्हेनिसमध्येच जन्मला आणि १९७८ मध्ये जपानमध्ये वारला. मुरानो बेटावरील व्हेनिनीच्या काचकारखान्यात त्याने अनेक वर्षे काचेची भांडी आखली. सेंट मार्कच्या चौकातील कमानींखाली त्याने १९५८ मध्ये ऑलिव्हेत्ती टाइपरायटरचे दालन पूर्ण केले. जागा अरुंद, लांबट आणि अंधारी. मध्यभागी संगमरवरी जिना आहे. त्याच्या फरशा हवेत तरंगत असल्याप्रमाणे एकीवर एक सरकलेल्या दिसतात. जमिनीत काचेचे लहान चौकोन बसवले आहेत. उजेड पडला की ती पाण्यासारखी हलते. आज तेथे विक्री होत नाही; इटलीतील एक वारसा-संस्था २०११ पासून ते दालन सांभाळते.

पाचवे स्थळ क्वेरिनी स्ताम्पालिया प्रतिष्ठानचा वाडा. त्याच्या तळमजल्यात भरतीचे पाणी वारंवार शिरे. १९६१ ते १९६३ या काळात स्कार्पाने तो मजला नव्याने बांधला. दुसऱ्या कोणी पाणी अडवण्यासाठी भिंत घातली असती. याने कालव्याकडच्या दारांतून पाण्याला आत येऊ दिले, त्याच्यासाठी पायऱ्या आणि उथळ पाट केले, आणि माणसांसाठी शेजारून उंच दगडी वाट नेली. पाणी येते, पायऱ्यांवर खेळते आणि ओहोटीबरोबर निघून जाते. मागच्या बागेतही एका अरुंद दगडी पन्हळीतून पाणी झुळझुळते.

तेथे उभे असता आमच्या मनात विश्वामित्री होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे पाणी बडोद्याच्या वस्त्यावस्त्यांत शिरले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. नदीला वाट ठेवावी, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आपण मात्र तिच्या वाटेवर घरे बांधून मग तिला दोष देतो.

अर्थात सगळेच पाणी पाहुण्यासारखे येत नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरती १९४ सेंटीमीटरपर्यंत चढली आणि शहर बुडाले. २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसाच प्रसंग आला. आता खाजणाच्या तीन मुखांशी ७८ हलते दरवाजे आहेत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी मोठी भरती प्रथम रोखली. समुद्र मात्र वर्षानुवर्षे चढतो आहे, आणि दरवाजे जितक्या वेळा मिटतील तितका खाजणातला पाण्याचा येजा खुंटेल, ही चिंता उरतेच.

शहराला दुसरी एक ओहोटी लागली आहे, तिला दरवाजे नाहीत. १९५१ मध्ये जुन्या व्हेनिसात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे प्रवाशांच्या खोल्या झाली, किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली. २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेऊ लागले. त्याने गर्दी मोजता येते, गेलेले शेजारी परत येत नाहीत. मूळ प्रदेशापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या राहून आपली शाळा, आपले वाचनालय आणि आपले मासिक चालवणाऱ्या आपणांस हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. इमारत उभी राहते. तिच्यात बोलणारी माणसे टिकवणे अधिक कठीण असते.

म्हणून जाणाऱ्यांना आमचे सांगणे असे : धावत्या भेटीने परतू नका. निदान दोन रात्री राहा. सामान हलके न्या, कारण पुलांना पायऱ्या असतात. आणि क्वेरिनीचे ग्रंथालय अवश्य पाहा. त्या घराण्याच्या अखेरच्या सरदाराने १८६९ मध्ये वाडा व ग्रंथ शहराला दिले, तेव्हा इतर ग्रंथालये मिटलेली असतील त्या वेळी, विशेषतः सायंकाळी, हे उघडे असावे अशी अट घातली. आम्ही गेलो तेव्हा खाली अंधारात पाणी पायऱ्यांना लागत होते आणि वर दिव्यांखाली व्हेनिसची मुले अभ्यास करीत बसली होती. आमच्या भाचीने एक खुर्ची हळूच ओढली, आणि आम्हीही एक पुस्तक उघडून बसलो.