न घातलेली शेरवानी

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत दादांची एक शेरवानी आहे. दादा म्हणजे अब्बांचे वडील. परभणी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत ते शिक्षक होते आणि १९८८ साली निवृत्त होईपर्यंत शेरवानी घालूनच शाळेत जात. मीही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. नोकरीला बारा वर्षे झाली. ती शेरवानी घालून मी उंबऱ्याबाहेर कधी पडलो नाही. घालण्यासारखे प्रसंग मात्र बरेच आले आणि गेले, आणि अलीकडे तेच वरचेवर आठवतात.

शेरवानी म्हटले की आता लोकांच्या डोळ्यांपुढे नवरदेव उभा राहतो. चमचमती जर, खडे, गळ्यात मोत्यांची माळ. दादांची शेरवानी तशी नव्हती. काळे साधे कापड, गुडघ्यापर्यंत लांबी, उभी कॉलर, कॉलरला आतून हूक आणि पुढे सात बटणे. आतल्या खिशात फाउंटन पेन. उजव्या बाहीवर खडूची भुकटी, ती अम्मी ओल्या फडक्याने पुसत असे. उन्हाळ्यासाठी बिस्किटी रंगाची टेरिकॉटची दुसरी होती, ती वापरून वापरून विरली. मार्चच्या उन्हात सकाळच्या शाळेतून दादा घरी येत तेव्हा अंगणातच हूक काढत आणि मग मोठा श्वास घेत, असे अब्बा सांगतात. शाळेत मात्र तो हूक कधी निघाला नाही. मास्तर म्हणजे शेरवानी, एवढे गावाला ठाऊक होते.

या कपड्यात धर्माचे असे काही नाही. अरबस्तानात शेरवानी घालत नाहीत. आमचे कोकणातले मुसलमान भाऊ लुंगीत वाढले, त्यांनाही ती परकीच. एकोणिसाव्या शतकात इथला अंगरखा-चोगा आणि इंग्रजांचा फ्रॉक कोट यांच्या मिश्रणातून ती घडली. निजामाच्या राज्यात ती दरबाराची, कचेरीची आणि शिकलेल्या माणसाची खूण झाली. हैदराबादचे पंतप्रधान महाराजा किशन प्रसाद शेरवानी घालत. १९५२ ते १९५६ या काळात हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री असलेले बुर्गुला रामकृष्ण रावही घालत. आमच्या गावात एका देशमुख वकिलांच्या वाड्यात जुना फोटो आहे. कपाळावर गंध, अंगात शेरवानी. तो पाहून मला पहिल्यांदा वाटले की दादांचा कपडा एकट्या दादांचा नव्हता. औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरू कापडही याच कपड्यासाठी विणले जाई. सूत आणि रेशीम यांचे ते मिश्र विणकाम, सणासमारंभाला ऐपत असणारे त्याची शेरवानी शिवत.

पहिला प्रसंग बी.एड.चा. २०११ साली सराव पाठ चालू होते. छात्राध्यापकांना पांढरा शर्ट, काळी पँट असा नियम होता. शेवटच्या पाठाला, परीक्षक येणार त्या दिवशी, शेरवानी घालावी असे मनात होते. विषय इतिहास होता, शोभलीही असती. पण गुणांचा मामला. मी पांढऱ्या शर्टात पाठ घेतला, गुण चांगले मिळाले. परीक्षकांना तो पाठ तासाभराने आठवला नसेल.

दुसरा प्रसंग माझ्याच निकाहचा. घरात शेरवानी असताना भाड्याची आणली गेली. सोनेरी, खांद्याला कडक भरण, भाडे पंधराशे आणि डिपॉझिट वेगळे. मामूंचे म्हणणे असे की दूल्हा काळ्या कपड्यात मास्तर दिसेल. आता मी मास्तरच होतो! पण लग्नात नवऱ्या मुलाला कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत ती परत करायची होती, म्हणून वलीम्याच्या गडबडीत एक चुलतभाऊ ती पिशवीत घालून मोटारसायकलवर धावला. माझ्या निकाहच्या सगळ्या फोटोंत माझ्या अंगावर दुसऱ्याचा कपडा आहे.

लग्नाचा पोशाख भाड्याने आणणे ही काही आपलीच तऱ्हा नाही. स्कॉटलंडमध्ये नवरदेव किल्ट भाड्याने आणतात. पुरुषाचा तो चुण्यांचा, चौकटींचा घागरा आपल्याकडे हसण्याचा विषय आहे, पण त्याची हकीगत मी वाचली तेव्हा हसू आले नाही. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ साली कायदा करून डोंगरी हायलंडर लोकांच्या पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार. सूट फक्त फौजेला, म्हणजे सरकारसाठी लढायचे असेल तर आपला कपडा घाला. बंदी १७८२ साली उठली. पस्तीस वर्षे गेली होती. ज्यांचा तो रोजचा कपडा होता त्यांच्यातली एक पिढी पँटीत म्हातारी झाली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि स्वतःच किल्ट घालून मिरवला. तेव्हापासून तो समारंभाचा, थाटाचा पोशाख. (हायलंडर लोकांच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी १८०३ साली आमच्या शेजारी, जालना जिल्ह्यात असईला मराठ्यांविरुद्ध लढल्या. कुठला माणूस कुठे येऊन मरतो!)

आमच्या शेरवानीवर कोणी कायदा केला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले आणि ती आपोआप पेट्यांत गेली. याला कारण होते, ते नाकारून चालणार नाही. रझाकारांचे पुढारी कासिम रझवी हे लातूरचे वकील. त्यांच्या फोटोंत शेरवानी आहे आणि तुर्की टोपी आहे. ज्यांची घरे जळली त्यांना शेरवानीत किशन प्रसाद दिसत नाहीत, रझवी दिसतात. त्यांना काय म्हणून दोष द्यायचा? दादांनी तरीही ती घातली. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. पुढे मास्तर झाले आणि दर पंधरा ऑगस्टला याच शेरवानीत झेंड्याला सलामी देत. त्यावर त्यांनी कधी भाषण केले नाही. त्यांच्या लेखी तो शाळेचा कपडा होता आणि झेंडा शाळेचा होता.

म्हणून तिसरा प्रसंग मला सगळ्यांत जास्त लागतो. २०१९ साली सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, केंद्रातल्या सगळ्या शाळांचा एकत्र कार्यक्रम होता आणि बोलायला मला सांगितले होते. मी शोएबउल्ला खान यांच्यावर बोललो. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. हैदराबाद भारतात सामील व्हावे असे त्यांनी उर्दूत लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना हैदराबादच्या रस्त्यावर मारले. मी मराठीत बोललो, मुले शांत बसली होती. मराठी शाळेच्या एक बाई नंतर म्हणाल्या, “सर, हे नाव आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.”

त्या दिवशी शेरवानी इस्त्री करून पिशवीत होती. पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली. मुख्याध्यापकांनी पाहिली आणि हळूच म्हणाले, “आज नक्को सर. कोन फोटू काढता, कहाँ डालता, क्या लिखता, अपने को क्या मालूम.” ते भित्रे नाहीत. त्यांच्या जबाबदारीवर दोनशे पोरे आहेत. पिशवी हँडललाच राहिली. शोएबउल्लांविषयी मी जे बोललो ते दादांच्या कपड्यात बोललो असतो, तर पुढे बसलेल्या पोरांनी दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या असत्या. पुढच्या वर्षी करोना आला, शाळाच बंद. त्यानंतर बोलण्याची पाळी दुसऱ्यांकडे गेली.

बाकीचे प्रसंग किरकोळ. एक मुशायरा, दोन ईदा, एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ. दर वेळी काहीतरी होते. पाऊस, ऊन, नाहीतर पोट. हो, पोटही. दादा सडपातळ होते.

गेल्या हिवाळ्यात ती घेऊन एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. शेरवानीची कॉलर बसवणारे आता थोडेच उरलेत. त्यांनी आधी अस्तर उलटले, शिलाई पाहिली आणि विचारले, “किसके हात की है?” मला सांगता आले नाही. मी म्हटले, कमरेत दीड इंच सोडा. “शादी में पैननी है?” मी म्हटले, नाही, शाळेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग बगलेजवळचे कापड दोन बोटांत धरून हलकेच ताणले. कर्र असा आवाज झाला.

“कपडा दिखने को अच्छा है, सुई नई पकडता,” ते म्हणाले. “याचा नमुना ठेवतो, नवी शिवून देतो. साडेचार हजार.” मी विचार करून सांगतो म्हणालो. त्यांनी ती पुन्हा घड्या मोडू न देता गुंडाळली आणि बटणे काढून वेगळी ठेवायला सांगितले, तशी आता मिळत नाहीत म्हणून. मजुरी विचारली तर हाताने नको म्हणाले आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्याला लग्नासाठी सोनेरी हवी होती.