शंकरपाळ्याची खूण

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली येतो. दरवर्षी घरातले कोणीतरी तो फराळाचा समजून उघडते आणि निराश होऊन पुन्हा मिटते. आत कापसात गुंडाळलेले, बोटाएवढे काचेचे सतरा व्हॉल्व्ह आहेत. सौभाग्यवतींच्या मते ती सतरा तोळे सोन्याची राख आहे. हिशेब थोडा फुगवलेला आहे, पण फार नाही.

या वेडाचे मूळ वडिलांच्या रेडिओत आहे. खटका दाबला की अर्धा मिनिट काहीच व्हायचे नाही. मग मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसू लागे, तापलेल्या धुळीचा वास येई, आणि विहिरीतून पोहरा वर यावा तसा आवाज हळूहळू वर येई. पुढे ट्रान्झिस्टर आला. तो दाबताक्षणी बोलू लागला आणि वाट पाहण्यातली गंमत संपली. ती मला निवृत्तीनंतर पुन्हा सापडली, एका वापरलेल्या प्रीॲम्प्लिफायरच्या रूपाने.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तबकडीवरच्या सुईतून निघणारी वीज अगदी क्षीण, जेमतेम चार-पाच हजारांश व्होल्ट. तिला कर्ण्यापर्यंत पोचण्याइतके बळ यायचे तर आधी तिला हात देऊन उभे करावे लागते. ते काम प्रीॲम्प्लिफायरचे. व्हॉल्व्हच्या पोटात एक तापलेली कांडी असते, तिच्यातून निघालेले विजेचे कण बाहेरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी असते. ही जाळी बसवण्याची कल्पना १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थांना सुचली. जाळीवर नखाएवढी हालचाल झाली की पलीकडे मोठी लाट उठते. घरातही असेच असते, पण ते राहू द्या.

आता गंमत अशी, की हे व्हॉल्व्ह दिव्यासारखे उपसून बदलता येतात, आणि नंबर एकच असला तरी प्रत्येकाचा गळा निराळा. माझ्या यंत्रात ईसीसी८३ लागतो. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. त्याची वाढवण्याची शक्ती शंभरपट. त्याचा धाकटा भाऊ ईसीसी८२ त्याच नऊ पायांच्या खोबणीत बसतो, पण त्याची शक्ती विसाच्याही आतली. एकदा मी चुकून तो लावला आणि किशोरीताईंचा भूप शेजारच्या वाड्यातून आल्यासारखा ऐकू आला. ईसीसी८८ ला मात्र पाय नऊच असले तरी त्याची तापायची जोडणी वेगळी. तो तेथे बसवू नये. आणि झाकण उघडण्याआधी वायर भिंतीतून काढून थोडा वेळ थांबावे. आत अडीच-तीनशे व्होल्टचा मामला असतो, आणि खटका बंद केला तरी तो आतल्या कपॅसिटरमध्ये टपून बसलेला असतो.

मी मात्र थांबलो नाही. म्हणजे खरेदीत थांबलो नाही. इंग्लंडात ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेले मुलार्ड झाले, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे झाले. जुने कारखाने कधीच मिटले. आज नवे व्हॉल्व्ह येतात ते रशियातल्या सारातोव्हहून, स्लोवाकियातल्या चादत्साहून आणि चीनमधून. पण जुन्याची गोडी ती जुन्याची! मी वहीत शेरे लिहीत असे : 'मुलार्ड – सायीसारखा', 'रशियन – थोडा उथळ'. गाणे चालू असताना घरात कोणी बोलायचे नाही, असा नियमच केला होता.

मग जर्मन टेलिफुंकन हवासा झाला. अस्सल टेलिफुंकनच्या तळाशी, नऊ पायांच्या मधोमध, काचेतच उमटवलेली एक चौकोनी खूण असते, हुबेहूब शंकरपाळ्यासारखी. मुंबईतल्या एका दुकानातून मी भरपूर पैसे मोजून एक आणला. घरी येऊन चष्मा लावून पाहतो तर वर नाव ठसठशीत, तळ मात्र गुळगुळीत. अंगठ्याने चोळले तर नावही पुसले गेले. मी हताश होऊन बसलेला पाहून ही म्हणाली, "शंकरपाळंच हवं होतं, तर घरात डबाभर आहेत की!"

एवढ्यावर भागले असते तर मी हे लिहिले नसते. गेल्या दिवाळीत नात आली होती. मी नेहमीप्रमाणे मुलार्ड लावले, डोळे मिटले, तंबोरा सुरू झाला. नात म्हणाली, "आजोबा, उजवीकडे पाऊस पडतोय."

मी खिडकीकडे पाहिले. ऊन होते.

"बाहेर नाही हो, उजव्या कर्ण्यात. बारीक बारीक. सर्रर्र."

मी कर्ण्याला कान लावला. काही नाही. ही दारात उभी होती. म्हणाली, "तो पाऊस गेल्या गणपतीपासून पडतोय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गाणं चालू असताना बोलायचं नाही ना?"

ती हे रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते.

दिवाळीनंतर कानांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काढलेल्या आलेखावरची रेघ तीन हजार कंपनांपर्यंत बरी चालली होती. तेथून पुढे ती पायरी चुकलेल्या माणसासारखी खाली गेली होती. वयाचे आहे, म्हणाले, नवल नाही. घरी येऊन मी वही काढली. सायीसारखा, उथळ... त्यातले किती मी ऐकले होते आणि किती डब्यावरचे नाव वाचून लिहिले होते, कोण जाणे. पाऊस पडत होता त्याच महिन्यात मी 'निःशब्द पार्श्वभूमी' असा शेरा मारला होता. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

परवा डबा खाली आला तेव्हा मी तो घेऊन हिच्याशेजारी बसलो. म्हटले, मी बदलतो, तू ऐक, कुठला कुठला ते सांगणार नाही. आधी कुरकुरली. करंज्यांचे सारण गार होत होते. मग बसली. मी पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारायची, तिने कर्ण्याकडे कान द्यायचा. लाडका मुलार्ड पहिल्याच फेरीत गेला. "हा भांडं पडल्यासारखा खणखणतो," म्हणाली. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक ठेवला, एक स्लोवाकियाचा ठेवला. किमती मी सांगितल्या नाहीत.

"अगं, कोणती तबकडी लावू?" मी विचारले. हा प्रश्न मी यापूर्वी कधी विचारल्याचे मला आठवेना. तिलाही आठवत नसावे. तिने माणिक वर्मांची काढायला सांगितली. ती कपाटात पार मागे होती.

एक बाजू संपेपर्यंत मी गप्प होतो. ती संपल्यावर ही म्हणाली, "डावीकडचा अंमळ खाली आहे."

मी यंत्र बंद केले, वायर काढली आणि व्हॉल्व्ह निवायची वाट पाहत बसलो.