अर्ध्या अंशाचा प्रश्न

दक्षिण इंग्लंडातील हिवाळा म्हणजे बर्फाचे साम्राज्य, असा जो समज आपण नाताळच्या शुभेच्छापत्रांवरील चित्रे पाहून करून घेतलेला असतो, तो तिथे एकच हिवाळा काढलेल्या माणसाच्या मनातही शिल्लक राहत नाही. लंडन अक्षांशाने कीव्हच्याही किंचित उत्तरेस आहे. परंतु नैर्ऋत्येकडून अटलांटिक महासागराची दमट ऊब येत राहिल्यामुळे तेथील जानेवारी हा बहुधा राखी आकाशाचा, ओल्या रस्त्यांचा आणि शून्याच्या वर चार-सहा-आठ अंशांवर रेंगाळणाऱ्या पाऱ्याचा महिना असतो. नाताळात बर्फ हवाच, ही अपेक्षा एका विशिष्ट कालखंडाची देणगी आहे. चार्ल्स डिकन्सच्या बालपणीचे दशक असाधारण थंड होते. १८१४ च्या फेब्रुवारीत गोठलेल्या टेम्स नदीवर शेवटची जत्रा भरली तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता, आणि १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नाताळकथेने त्या थंडीला इंग्रजांच्या मनात कायमचे बिऱ्हाड मिळवून दिले. प्रत्यक्षातील आकाश मात्र इतके हात आखडून वागते, की तेथील हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत एक हिमकण जरी पडताना दिसला, तरी तो नाताळ शुभ्र म्हणून दफ्तरी दाखल होतो.

अशा प्रदेशात बर्फाची वाट पाहणाऱ्यांचा एक विखुरलेला संप्रदाय आहे. शिक्षक, कारकून, निवृत्त यंत्रज्ञ, शाळकरी मुले, अशी सर्व थरांतील ही माणसे एरवी चारचौघांसारखीच वागतात. परंतु युरोप खंडावरून पूर्वेचा वारा सुटण्याची चिन्हे नकाशांवर दिसू लागली, की त्यांच्या जेवणाचे आणि झोपेचे वेळापत्रक बदलून जाते. हवामानाची संगणकीय प्रारूपे दिवसातून दोनदा, काही तर दर सहा तासांनी, नवा अंदाज प्रसृत करतात, आणि रात्रीचा अंदाज हाती येईपर्यंत यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सुमारे दीड हजार मीटर उंचीवर हवा उणे पाच अंशांपर्यंत उतरते काय, आणि वातावरणाच्या खालच्या अर्ध्या भागाची, म्हणजे एक हजारपासून पाचशे हेक्टोपास्कल दाबापर्यंतच्या थराची, जाडी ५२८० मीटरांच्या आत येते काय, हे त्यांचे पहिले दोन प्रश्न. थंड हवा आकसते, थर पातळ होतो; आणि तो नेमका ५२८० मीटर असला, तर बर्फ आणि पाऊस यांची शक्यता निम्मी-निम्मी, असा जुन्या अंदाजकर्त्यांचा आडाखा आहे. इंग्लंडात ही रेषा पुष्कळदा डोक्यावरच येऊन उभी राहते. अशा परिस्थितीला ही मंडळी ‘मार्जिनल’ म्हणतात.

वास्तविक या अक्षांशांवर हिवाळ्यात पडणारा पाऊस हा बहुतांशी जन्मतः बर्फच असतो. ढगांच्या वरच्या भागात हिमस्फटिक वाढतात, परस्परांना चिकटून जड होतात आणि खाली निघतात. शून्य अंशाची पातळी ओलांडल्यानंतर दोनशे-तीनशे मीटरांच्या उतरणीत ते विरघळतात आणि थेंबांच्या रूपाने जमिनीवर येतात. रस्त्यावरचा पादचारी छत्री उघडून पावसाला दोष देत असतो त्याच घटकेस, त्याच्या माथ्यावर अर्ध्या मैलाच्या अंतरावर, शांत आणि दाट हिमवर्षाव चाललेला असण्याचा पुष्कळ संभव असतो. जे हवे आहे ते वर आकाशात आहेच. प्रश्न केवळ त्या शेवटच्या दोन-तीनशे मीटरांचा आहे, आणि तेवढ्या टप्प्यात फासे फिरविणारी कारणे इतकी सूक्ष्म आहेत की अनुभवी शास्त्रज्ञांचे अंदाजही तेथे आयत्या वेळी कोलमडतात.

हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या थेंबांचे बाष्पीभवन होते आणि त्या क्रियेत हवेची उष्णता खर्ची पडते. उन्हाळ्यात आपल्या माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने तेथील आकाश स्वतःला गार करून घेते. म्हणूनच तापमान तीन अंश असूनही आर्द्रता पंचावन्न टक्क्यांच्या आसपास असेल तर जाणकाराची आशा जिवंत राहते, आणि तेच तीन अंश पंचाण्णव टक्के आर्द्रतेत वाचायला मिळाले तर तो दिवा मालवून झोपायला जातो. दुसरे कारण त्याहून विलक्षण आहे. एक ग्रॅम बर्फ विरघळायला सुमारे ऐंशी कॅलरी उष्णता लागते, आणि ती भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते. सबब, वारा मंद असून वर्षाव जोराचा झाला, तर विरघळणारे हिमकणच हवा थंड करीत करीत आपल्यामागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करतात, आणि तासाभराच्या मुसळधार पावसाचे पाहता पाहता बर्फात रूपांतर होते. रिमझिम राहिली तर मात्र हे घडत नाही. आघाडीवरच्या कणांनी स्वतः पाणी होऊन मागच्यांचा प्रवास सुकर करावा, या व्यवस्थेत मला नेहमीच काही तरी उदात्त वाटत आले आहे.

याच्या विरुद्ध पारड्यात समुद्र आहे. खंडावरून निघालेली बोचरी हवा पाच-सहा अंश तापमानाच्या उत्तर समुद्रावरून येते आणि वाटेत तळाशी कोमट व वर दमट होते. ज्या ठिकाणी हे सागरी अंतर थोडे, त्या केंट परगण्याला झुकते माप मिळते. आणि लंडनच्या बाबतीत खुद्द लंडन आहे. ढगांना आज प्रचारात असलेली नावे देणाऱ्या ल्यूक हॉवर्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हे दाखवून दिले होते, की या शहरातील रात्री सभोवारच्या खेड्यांतील रात्रींपेक्षा उबदार असतात. विटा, धुराडी आणि लक्षावधी चुली मिळून जो एखादा अंश वाढवितात, नेमका तोच अंश येथे भारी पडतो.

दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात माझा काही वर्षे मुक्काम होता. आमच्या शेजारी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत, आणि त्यांच्या परसात चार पायांवर उभी असलेली, झडपांच्या भिंतींची एक पांढरी लाकडी पेटी होती. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. प्रख्यात कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे वडील टॉमस, जे दीपगृहे बांधणारे अभियंते होते, त्यांची ही योजना. आत दोन तापमापक शेजारी शेजारी उभे. एकाचा फुगा उघडा. दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची पातळ टोपी, आणि तिची वात खाली ऊर्ध्वपातित पाण्याच्या लहानशा कुपीत सोडलेली. या ओल्या फुग्याचे तापमान म्हणजे बाष्पीभवन होऊ दिले असता हवा कुठवर थंड होऊ शकेल याचे मोजमाप, आणि बर्फाची वाट पाहणाऱ्याला सर्वांत जवळचा साक्षीदार तोच. नळाच्या पाण्याने मलमलीवर क्षार धरतो आणि आकडा चुकतो, म्हणून ते ठरावीक दिवसांनी ती बदलत. वाचन घेताना ते पेटीचे दार अर्धेच उघडीत, विजेरीचा झोत क्षणभर टाकीत, आणि स्वतःच्या उच्छ्वासाने पारा चढू नये म्हणून श्वास रोखून धरीत. अंशाचा दशांश डोळ्याने ठरवावा लागे. मग दार लावून, दोन पावले मागे सरून, ते आकडा उच्चारीत. त्यांच्याएवढ्या निष्ठेने एखादे यंत्र वाचले जाताना मी क्वचितच पाहिले आहे.

लहानपणीच्या एका हिवाळ्याने त्यांना हा छंद लावला होता. १९६२ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडू लागला, आणि दक्षिण इंग्लंडातील पुष्कळ भागांत तो पुढे मार्चच्या आरंभापर्यंत वितळलाच नाही. जानेवारीची मध्य इंग्लंडातील सरासरी उणे २.१ अंश होती, आणि १७४० नंतर एवढा थंड हिवाळा त्या प्रदेशाने पाहिला नव्हता. आठ वर्षांच्या मुलाच्या मनावर अशा हिवाळ्याचा ठसा उमटला तर तो पुसला कसा जावा?

त्याआधीचा, १९४७ चा हिवाळा मात्र त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलेला होता, आणि त्याची कैफियत वेगळी होती. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. कोळशाच्या गाड्या अडकल्या, कारखाने बंद पडले, घराघरांतील वीज ठरावीक तास तोडण्याचा हुकूम निघाला, डोंगराळ भागांत लक्षावधी मेंढ्या गारठून मेल्या, आणि शेवटी बर्फ वितळून नद्यांना पूर आले. जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याची घोषणा पंतप्रधान अ‍ॅटली यांनी कॉमन्स सभेत केली ती २० फेब्रुवारी १९४७ रोजी, म्हणजे याच आठवड्यांत. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातील त्या दिवसाभोवती असे काळोखे आणि गोठलेले लंडन उभे होते, याचे स्मरण मला तेथील प्रत्येक हिमवर्षावात होत असे.

तेव्हा बर्फाची इच्छा ही निरपराध इच्छा आहे काय, असा प्रश्न कोणीही विचारावा. आमच्याकडे मृग नक्षत्र लागल्यावर जो शेतकरी आभाळाकडे पाहतो त्याच्या पाहण्यात पेरणी असते, कर्ज असते, मुलीचे लग्न असते. इंग्लंडातील हिमप्रेक्षकाला बर्फाची गरज मुळीच नसते. बर्फ आला तर आगगाड्या रखडतात, म्हातारी माणसे घसरतात, इंधनाचा खर्च वाढतो, आणि हे सारे त्याला ठाऊक असते. तरीही त्याच्याविषयी मला आदर वाटतो. ज्याला एखादी गोष्ट मनापासून हवी असते तो सहसा प्रतिकूल पुराव्याकडे डोळेझाक करतो. हा मनुष्य मात्र बर्फ का पडणार नाही याची कारणे कोणाही उदासीन माणसापेक्षा अधिक तपशिलाने सांगू शकतो. त्याच्या इच्छेने ढगाचा एक कणही हलत नाही, याची त्याला पुरती जाणीव आहे, आणि त्या जाणिवेसह तो पडदा बाजूला सारून रस्त्यावरच्या दिव्याखालचा पाऊस निरखीत बसतो. त्या उजेडात थेंबांच्या रेषा सरळ आणि वेगाने उतरतात. त्यांत एखादा कण किंचित रेंगाळला, आडवा सरकला, की त्याला कळते की वर काही तरी बदलते आहे.

माझे बालपण पुण्यात ज्या भागात गेले तेथून हवामान खात्याची ती जुनी दगडी इमारत जवळच होती, जिला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, कारण ते दफ्तर १९२८ साली सिमल्याहून तेथे आले. त्या खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की हिमालयात बर्फ अधिक साचला तर पुढला मोसमी पाऊस उणा पडण्याकडे कल असतो; आणि या आधारावर १८८६ पासून पावसाचे अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघू लागले. पुढे हा संबंध त्यांना वाटला तितका सरळ नसल्याचे आढळले, पण दख्खनच्या दुष्काळाचे भाकीत करण्यासाठी प्रथम बर्फाकडे पाहिले गेले, ही गोष्ट मी माझ्या शेजाऱ्यांना सांगितली तेव्हा त्यांनी ती नोंदवहीच्या मागच्या पानावर टिपून घेतली.

ती नोंदवही चाळताना एक गोष्ट मनाला लागत असे. अलीकडच्या पानांवर ‘बर्फ’ हा शब्द विरळ होत गेलेला होता. गॉर्डन मॅन्ले यांनी जुनी दफ्तरे जुळवून मध्य इंग्लंडच्या तापमानाची १६५९ पासूनची जी मालिका सिद्ध केली, तिच्यातही गेल्या शतकभरात सरासरी एक अंशाहून अधिक चढलेली दिसते. जेथे हिवाळा उणे वीस अंशांचा असतो तेथे हा एक अंश कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु ज्या भूमीत बर्फाचा फैसला अर्ध्या अंशावर होतो, तेथे एका अंशाने कितीतरी रात्री कायमच्या पावसाच्या पदरात टाकल्या आहेत. हे माझे शेजारी शांतपणे सांगत, पण त्यांना त्याचे खरोखर दुःख होते, आणि ते दुःख मला योग्य वाटते.

फेब्रुवारीतल्या एका रात्री संध्याकाळपासून पाऊस लागला होता. ओला फुगा दीड अंशावरून एकावर, मग ०.६ वर आला. मध्यरात्रीनंतर दिव्याखालच्या रेषा वाकड्या झाल्या. पाऊस आणि बर्फ यांचे ओले मिश्रण, ज्याला तिकडे स्लीट म्हणतात, ते तासभर पडले, आणि पहाटेच्या सुमारास काही काळ निखळ हिमकणही आले. सकाळी नऊ वाजता शेजारचे गृहस्थ परसात उभे राहिले. शिरस्ता असा, की निम्म्याहून अधिक जमीन झाकलेली असली तरच बर्फ साचल्याची नोंद करावयाची. पेटीच्या छपरावर, कुंपणाच्या फळीवर, गवताच्या सावलीतल्या कडेला पांढरे होते, बाकी हिरवे. त्यांनी गवताकडे बराच वेळ पाहिले, साचल्याच्या रकान्यात शून्य लिहिले, आणि पोटमाळ्यावरून रबरी बूट काढले. वॉर्लिंगम हे खेडे तेथून दक्षिणेस टेकड्यांवर, क्रॉयडनपेक्षा सव्वाशेएक मीटर उंच आहे. एवढ्या चढाने पाऊण अंशाची तफावत पडते. बस सँडरस्टेडपर्यंतच जात होती. पुढे आम्ही चालत निघालो, आणि एका कुरणाच्या फाटकाशी, वाऱ्याने ढीग न झालेली जागा पाहून, त्यांनी खिशातली पट्टी तीन ठिकाणी बर्फात उभी रोवली: नऊ, दहा आणि साडेआठ सेंटिमीटर. सरासरी त्यांनी मला काढायला सांगितली.