पडायला शिकवणारे मास्तर

शाळेच्या वेळापत्रकाकडे नीट पाहिले म्हणजे एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबाची आठवण होते. त्यातले काही तास कर्ते असतात, काही आश्रित. गणित, इंग्रजी, शास्त्र ही कर्ती मंडळी. ती दिवसाच्या ताज्या वेळी, मानाच्या पाटावर बसायची. इतिहास-भूगोल मधल्या पंगतीला. आणि सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले घ्यायला दाराशी उभा असावा, तसा शेवटचा तास ड्रिलचा. घरी पाहुणा आला की आश्रितालाच आपले अंथरूण सोडावे लागते. तसेच इथेही. गणिताचा भाग मागे राहिला, इन्स्पेक्टर यायचे ठरले, स्नेहसंमेलनातल्या नाटकाची तालीम आली, की पहिली कुऱ्हाड ड्रिलच्या तासावर.

१९६० नंतरच्या त्या वर्षांत मी कृष्णाकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात शिकत होतो. तिथे तास जसा, तसेच त्या तासाचे मास्तर. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची दाराला लागून असे. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का तिला लागायचाच. पण मास्तर त्या खुर्चीवर बसलेले फारसे कुणी पाहिले नाहीत. रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग सांभाळणे, घंटेवर लक्ष ठेवणे, फुटलेल्या गुडघ्याला टिंक्चर आयोडीन लावणे आणि सहलीत पोरे मोजणे ही सारी कामे त्यांच्याकडे. मोजायला शिकवीत गणिताचे गुरुजी. पण पोरे मोजायची वेळ आली की हाक ड्रिलमास्तरांना! खाकी अर्धी विजार, पांढरा सदरा, खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, असा त्यांचा बारमाही वेश. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी हे त्यांचे वर्षातले दोन सण. त्या दिवशी हेडमास्तरसुद्धा त्यांच्या हुकुमावर 'सावधान' उभे राहात.

हुकूम सुटायचे हिंदीत. 'दहिने मूड' म्हटले की अर्धा वर्ग पूर्वेला तोंड करी आणि अर्धा पश्चिमेला. उजवा आणि डावा याविषयी आमच्यात इतके प्रामाणिक मतभेद होते, की दोन मुले एकमेकांसमोर नाकाला नाक लावून उभी राहात आणि दोघांनाही वाटे की चुकला तो समोरचाच. मास्तर रागावत नसत. म्हणत, "तंटा नको. ज्या हातानं जेवता तो उजवा." मग सगळा वर्ग मनातल्या मनात एक घास घेऊन बरोबर वळे.

त्यांची आणखी एक रीत त्या काळात जगावेगळी होती. इतर शिक्षकांना एखाद्या पोराचा राग आला, की ते त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला धाडीत. मास्तरांना हे मुळीच खपत नसे. त्यांच्या तासाला धावणे हे बक्षीस होते. ज्याने खोडी काढली त्याने लिंबाखाली बसून दुसऱ्यांचे धावणे पाहायचे. "ज्याची गोडी लावायची, ते शिक्षा म्हणून द्यायचं नसतं," असे ते म्हणत. कविता पाठ नसली म्हणून दहा वेळा लिहायला लावल्यावर त्या कवितेशी मुलाचे जन्माचे वैर जडते, हे आम्हा सर्वांच्या अनुभवाचे होते. पळण्याशी मात्र आमचे वैर कधी जडले नाही, ते मास्तरांमुळे.

मैदानाच्या कडेला सागाचा एक मल्लखांब रोवलेला होता, एरंडेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला. मल्लखांबाची कुळकथा मास्तर मोठ्या रंगात सांगत. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर नावाचे मल्ल होते, त्यांनी ही विद्या उर्जितावस्थेला आणली. माकडाचे झाडावरचे खेळ पाहून त्यांना ती सुचली, अशी आख्यायिका. ती ऐकल्यावर कधी एकदा त्या खांबाला मिठी मारतो असे आम्हांला झाले. पण मास्तर वर चढू देतील तर शपथ! खांबाभोवती भुसभुशीत माती उकरून त्यांनी आम्हांला आठवडाभर नुसत्या उड्या मारायला लावल्या. "चढायचं मागनं. आधी पडायला शिका. पडताना अंग ताठ करू नका. चवड्यावर या, गुडघे वाकवा, हात मोकळे ठेवा. पडायची भीती गेली की चढायचं कुणी शिकवावं लागत नाही." आम्हांला वाटे, हे कसले शिक्षण? पडायला काय शिकायचे? ते तर आपल्याला उपजतच येते! पण महिन्याभराने त्याच खांबाच्या टोकावर दसरंग करताना माझा हात सुटला, तेव्हा मातीत पडलो तो बसलेल्या मांजरासारखा. सदऱ्याला तेवढी माती लागली. त्या दिवशी मला शरीर नावाची वस्तू प्रथम आपली वाटली. तोवर ती दफ्तर वाहून नेण्याच्या उपयोगाची होती.

आमचा मुलूख समर्थांनी स्थापलेल्या मारुतींचा. मसूर, उंब्रज, चाफळ ही नावे आमच्या घरात पंचांगातल्या तिथींसारखी उच्चारली जात. गावोगावी तालीम आणि तालमीत मारुती, हे ठरलेले. त्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव म्हणजे आमचा चालताबोलता इतिहास. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतर दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. ते पदक घेऊन खाशाबा गावी परतले तेव्हा बैलगाड्यांची भली थोरली मिरवणूक निघाली होती, आणि तिचे वर्णन आमच्या भागातली म्हातारी माणसे लग्नाच्या वरातीसारखे करीत. पण मास्तरांची कथा निराळी. ते हेलसिंकीवर दोन वाक्ये बोलत आणि लंडनवर पंधरा मिनिटे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले होते. जन्मभर तांबड्या मातीत खेळलेला गडी तिकडे गादीवर उतरला आणि सहावा आला. "पदकाची गोष्ट कुणीही सांगंल," मास्तर म्हणत. "सहावा येऊन परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे हा माणूस तालमीत उतरला असंल ना, ती गोष्ट मला सांगायचीय."

मुलींच्या ड्रिलची कथा वेगळीच. मास्तरांनी मुलींचा खो-खोचा संघ काढायचे ठरविले आणि त्यात माझ्या ताईचे नाव घातले. आमच्या आजीने घर डोक्यावर घेतले. पोरीच्या जातीने चारचौघांत पळायचे म्हणजे काय! शेवटी मास्तर स्वतः घरी आले. ओसरीवर बसून चहा घेतला आणि हळूच म्हणाले, "आजी, मंगळागौरीला तुमच्यासारखी फुगडी आळीत कुणाची नाही म्हणतात."

आजी खुलली. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सगळ्यांची नावे घेऊन झाली.

"मग ते काय आहे, आजी? ड्रिलच की!"

"अहो, ते देवीपुढं असतं," आजी म्हणाली.

"एवढंच ना? मग देवी मैदानावर आणू."

दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या लिंबाला हार घातलेली देवीची तसबीर टांगलेली होती आणि तिच्या साक्षीने माझी ताई परकराचा काचा मारून पळत होती. तिला पुढे संसारात किती पळावे लागले ते मी पाहिले आहे. पण दम लागला असे ती कधी म्हणाली नाही.

हे सारे गमतीने सांगतो आहे खरा. पण मास्तरांच्या त्या पडण्याच्या धड्याची खरी किंमत आम्हांला कळली ती एका जूनमध्ये. त्या वर्षी एस.एस.सी.चा निकाल लागला. आमच्या गल्लीतला, माझ्याहून दोन वर्षे पुढे असलेला एक मुलगा नापास झाला. घरची दोन बिघे कोरडवाहू. पोरगा शिकून नोकरीला लागेल या आशेवर बापाने फीसाठी कर्ज काढलेले. पोस्टाच्या ओट्यावर वर्तमानपत्र उघडले गेले, त्यात त्याचा नंबर नव्हता, आणि तो तिथून निघाला तो घरी आलाच नाही. संध्याकाळ झाली. त्याची आई विहिरीविहिरीवर जाऊन आत वाकून पाहू लागली. अशा वेळी विहिरीत का पाहायचे असते, हे आमच्या गावात लहान पोरांनाही ठाऊक होते. आम्ही सारे कंदील घेऊन बाहेर पडलो.

तो सापडला मैदानावर. मल्लखांबाला टेकून, भुरभुर पावसात, गुडघ्यांत डोके घालून बसला होता. मास्तर त्याच्याजवळ जाऊन खाली, त्याच मातीत बसले. त्यांनी ना रागे भरले, ना समजूत घातली. थोड्या वेळाने विचारले,

"या खांबावरनं किती वेळा पडला असशील रे?"

"मोजलं न्हाई, मास्तर."

"मग हे एकच कशाला मोजत बसलास?"

तो काही बोलला नाही. मास्तर उठले, शिट्टी ओठांत धरली आणि कंदील घेऊन आलेल्या आम्हां पोरांच्या त्यांनी दोन पार्ट्या पाडल्या. त्या पावसात, त्या अंधुक उजेडात आम्ही हुतुतू खेळलो. तो पहिल्याच चढाईत मारला गेला आणि रेषेबाहेर जाऊन बसला. दोन मिनिटांनी आमच्या गड्याने पलीकडचा एक मारला, तसे मास्तर ओरडले, "ऊठ, तू जिवंत झालास!" संजीवनी हुतुतूचा हा साधा नियम. आपला एक गडी समोरचा मारतो तेव्हा आपला मेलेला एक गडी उठतो. नियम आम्ही शेकडो वेळा पाळला होता; त्याचा अर्थ त्या रात्री कळला. त्याची आई रेषेजवळ उभी होती. डोक्यावरचा पदर भिजून चिंब झालेला, आणि तिला रडावे की हसावे हे कळत नव्हते. ऑक्टोबरात तो पुन्हा परीक्षेला बसला आणि पास झाला. पुढे एस.टी.त लागला, घाटातल्या वळणांवर जन्मभर गाडी चालवून सुखरूप निवृत्त झाला.

वर्गात आणि मैदानात मला फरक वाटतो तो हा. वर्गात चूक झाली की तिच्यावर लाल शाईची रेघ बसते आणि ती वही जपून ठेवली जाते. मैदानात चूक झाली की पुढचा डाव लगेच सुरू होतो. वर्गात प्रत्येकाला आपापला पेपर झाकून लिहावा लागतो, मैदानात एकट्याने जिंकताच येत नाही. खो-खोत तुम्ही कितीही चपळ असा, मागून कुणी 'खो' दिल्यावाचून जागचे उठता येत नाही. दंड कमावणे, छाती रुंदावणे हे व्यायामाचे लाभ आहेतच. पण अपयश अंगावर घेऊन न मोडण्याची सवय दुसऱ्या कुठल्या तासाला लागते?

आता दिवस पालटले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिलेले आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान साठ मिनिटे तरी घाम निघेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. ज्या खो-खोसाठी आमच्या मास्तरांना देवीची तसबीर झाडाला टांगावी लागली, त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाली. पुरुषांची आणि महिलांची, दोन्ही विजेतीपदे भारताने मिळविली, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे! ताईने ती बातमी मला दोनदा वाचायला लावली.

पण शहरातल्या माझ्या नातीचे वेळापत्रक मी पाहतो, तेव्हा दाराशी उभा असलेला तो आश्रित मला लगेच ओळखू येतो. आठवड्यातून दोन तास, आणि परीक्षा जवळ आली की तेही गणिताच्या पोटात. मैदान आहे, पण त्यावर शाळेच्या गाड्या उभ्या. नात मला म्हणाली, "आजोबा, आम्हांला पळू देत नाहीत. पडलं तर पालक भांडायला येतात." पालकांचीही मला कीव येते. लेकरू पडू नये असे कुणाला वाटणार नाही? पण ज्या मुलाला गुडघा फुटण्याएवढेही पडू दिलेले नाही, त्याच्यापुढे एक दिवस गुणपत्रिका येते, आणि ते त्याच्या आयुष्यातले पहिलेच पडणे असते. तिथे खाली उकरलेली माती नसते.

दिवाळीच्या सुटीत मुले घरी आहेत. अंगणात किल्ला झाला असेल, नसेल तर व्हायचा असेल. फराळाचे ताट पुढे येईलच. बुंदीचा लाडू आणि चकली यांच्या बाजूने मी नेहमीच उभा राहात आलो आहे. पण एखाद्या संध्याकाळी पोरांना जवळच्या मोकळ्या जागेवर न्या. मैदान नसेल तर नदीची वाळू चालेल, मळणी झालेले खळे चालेल, बिल्डिंगच्या मागची गाड्या नसलेली बोळसुद्धा चालेल. हुतुतूची रेघ मारायला विटेचा तुकडा पुरतो. स्वतः खेळता आले तर उत्तमच. नपेक्षा कडेला उभे राहून कोण मेला, कोण जिवंत झाला एवढे ओरडून सांगा. कुणाचा गुडघा फुटलाच, तर हळद आपल्या घरात असतेच.