आमच्या नहाणी ट्रॅपला

प्रिय नहाणी ट्रॅप,

नरकचतुर्दशीला पहाटे पाचला घरातली पहिली आंघोळ झाली आणि साडेसहाला मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो. तेल, उटण्याची पूड, साबणाचा फेस सगळं पायांभोवती तरंगत होतं. धाकटीची आंघोळ राहिली होती. टॉवेल खांद्यावर टाकून ती दाराशी आली आणि म्हणाली, "बाबा, पाणी जातच नाहीये."

मुलुंडच्या या घरात येऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्याकडे आम्ही वळून पाहिलं ते फक्त तू अडलास तेव्हा. म्हणून हे पत्र.

तुझं नाव मला फार आवडतं. प्लंबरच्या पिशवीतले बाकीचे शब्द बाहेरून आले: एल्बो, टी, कपलिंग. तुझ्या नावात मात्र आपली न्हाणी तशीच राहिली, आणि इंग्रजीतल्या बांधकामाच्या पुस्तकांतही तू नहाणी ट्रॅपच आहेस. लोक तुला जाळी म्हणतात, पण जाळी हे नुसतं झाकण. खरा तू तिच्याखाली आहेस. एक वाटी आणि तिच्यात उपडा घातलेला पेला. पाणी पेल्याच्या काठाखालून वळतं, पुन्हा वर चढतं आणि मग पाइपात उतरतं. सगळं वाहून गेल्यावरही वाटीत साधारण ५० मिलिमीटर पाणी मागे उरतं. आमचं घर आणि गटार यांच्यामध्ये भिंत आहे ती एवढीच, तीन बोटं पाण्याची.

या साध्या युक्तीचं पेटंट १७७५ मध्ये लंडनच्या एका घड्याळजीने, अलेक्झांडर कमिंगने, घेतलं. त्याने शौचकूपाखालच्या नळीला बाक दिला आणि बाकात पाणी धरून ठेवलं. तू त्याच घराण्यातला. मे महिन्यात आम्ही गावी जातो, महिन्याने परततो आणि दार उघडताच वास येतो, तेव्हा तुझ्यातलं पाणी सुकलेलं असतं. ही गोष्ट वासापुरती नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना सार्स झाला. तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत न्हाणीघरांतले असेच कोरडे पडलेले ट्रॅप होते. आता गावी निघताना कुलूप लावण्याआधी मी तुझ्यात तांब्याभर पाणी ओततो.

तुझी माफी मागायची आहे ती अ‍ॅसिडबद्दल. पाणी तुंबलं की मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणायचो आणि जाळीवर रिकामी करायचो. धूर निघायचा, खोकला यायचा, काम झालंसं वाटायचं. पण केस त्या अ‍ॅसिडने विरघळत नाहीत. खातं ते सिमेंटला, फरशीच्या सांध्यांना. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली तेव्हा मला हे समजलं. कॉस्टिक सोडा केस खातो खरा, पण पाण्यात पडताच तापतो आणि हात भाजतो. अ‍ॅसिडवर कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि आमची न्हाणी चार बाय सहाची आहे.

शिवाय ओतलेलं नाहीसं होत नाही. इमारतीच्या मागे चेंबर आहे. मागच्या पावसाळ्याआधी तिथे एक माणूस बांबूची कामटी घेऊन ओणवा झालेला पाहिला. हात उघडे होते. गटारात माणूस धोकादायक रीतीने उतरवू नये, असा कायदा २०१३ चा आहे. गटार साफ करताना कुणाचा मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. मी मात्र आदल्याच रात्री बाटली ओतली होती. त्या दिवसापासून घरात अ‍ॅसिड आणलेलं नाही.

तर त्या पहाटे मी स्क्रूड्रायव्हरने जाळी उचलली, मगाने पाणी उपसलं, पेला फिरवून काढला आणि आत हात घातला. केसांचा जाड पीळ हाती लागला. पेल्याच्या खडबडीत कडेला एक केस अडकतो, त्याला दुसरा गुंडाळतो, वर साबणाचा चिकट साका बसतो. टँकरच्या जड पाण्याचे दिवस असले की हा साका दुप्पट होतो, आणि दिवाळीत तेल-उटणं त्याचं लिंपण करतं. तो पीळ मी कागदात बांधून कचऱ्यात टाकला. मग तारेचा आकडा. तरीही पाणी रेंगाळलं, तेव्हा रबरी पंप घेतला. आमच्या बेसिनचा पाइप तुझ्यातच येऊन मिळतो, त्यामुळे बेसिनचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करावं लागतं; नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. बायकोने फडकं दाबून धरलं. सहाव्या-सातव्या दाबाला खालून मोठा आवाज आला आणि पाणी भोवरा घेत उतरलं. वरून कोमट पाण्याच्या दोन बादल्या सोडल्या. उकळतं नाही, पाइप पीव्हीसीचा आहे.

पेला धुऊन पुन्हा जागेवर बसवला. हे मुद्दाम लिहितो, कारण "पेला काढून टाका, पाणी भसाभस जाईल" असा सल्ला मला दोन प्लंबरनी दिला आहे. पाणी जातं, पण त्याच वाटेने झुरळं आणि वास वर येतो. तुझा जीवच त्या पेल्यात आहे.

आता दर रविवारी जाळी उचलायची, असं घरात ठरलं आहे. पाळी लावली आहे आणि पहिली पाळी धाकटीने मागून घेतली.

त्या दिवशी तिची आंघोळ सर्वांत शेवटी झाली. तेल लावलेले केस धुताना ती मध्येच थांबून पाणी जातंय ना ते वाकून बघत होती. बाहेर येऊन तिने डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं तेव्हा चांगलं उजाडलं होतं.

तुझा,
तिसऱ्या मजल्यावरचा
मुलुंड पूर्व